घरी पाणी मृदू करणारे यंत्र बसविताना

विहिरीचे पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसते व चवीलाही वाईट लागत नाही. तथापि त्या पाण्यात साबणास फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, बंबाच्या आत पांढरा थर चढतो आणि पाणी तापविण्याची विजेची कांडी लवकर निकामी होते. असे पाणी महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत आढळते. बोलीत त्यास जड पाणी व शास्त्रीय पुस्तकांत दुष्फेन पाणी म्हणतात. विंधनविहिरी, गच्चीवरील टाक्या व सौरबंब खेड्यांत आल्यापासून हे पाणी मृदू करणारी यंत्रेही तेथे येऊ लागली आहेत. बाजारात त्यांस सॉफ्टनर असे नाव आहे.

हे यंत्र बसविणे फारसे अवघड नाही. परंतु त्यास वरचेवर मीठ द्यावे लागते, आणि दिलेल्या मिठाचे खारट पाणी यंत्रातून बाहेर पडते. ज्या शहरात भुयारी गटारे आहेत तेथे ते गटारात वाहून जाते. शेतकऱ्याच्या घरचे खारट पाणी मात्र त्याच्याच परसात मुरते व पुढे त्याच्याच विहिरीकडे उतरते. म्हणून यंत्र कोठे व कसे बसवावे या प्रश्नाबरोबरच त्याचे सांडपाणी कोठे न्यावे हा प्रश्नही खरेदीपूर्वीच सोडविला पाहिजे.

पाणी जड का होते?

पावसाचे पाणी मृदू असते. खाली येताना ते हवेतील, आणि जमिनीत मुरताना मातीतील, कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते व किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी खडकातील व चुनखडीतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवीत खोल जाते. दख्खनच्या काळ्या कातळात ही दोन्ही मूलद्रव्ये असतात आणि काळ्या जमिनीच्या थरांत चुनखडीचे खडेही सापडतात. त्यामुळे विहिरीच्या पाण्यात जडपणा येणे स्वाभाविक आहे.

हा जडपणा दोन प्रकारचा असतो. बायकार्बोनेटांमुळे येणारा जडपणा पाणी उकळल्याने कमी होतो. त्यास तात्पुरता जडपणा म्हणतात. भांड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर तो हाच. सल्फेटे व क्लोराइडे यांमुळे येणारा जडपणा उकळून जात नाही. तो कायमचा जडपणा होय. दोहोंची मोजणी एका लिटर पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने किती मिलिग्रॅम, अशी करतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आय. एस. 10500, सन 2012) एकूण जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह असून दुसरा उद्भव नसल्यास 600 मिलिग्रॅमपर्यंत चालू शकतो.

जड पाणी म्हणजे रोगट पाणी नव्हे, ही गोष्ट गावकऱ्यांस समजावून सांगणे अगत्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. केवळ जड पाण्याने मुतखडा होतो, असेही सिद्ध झालेले नाही. सबब आजाराच्या भीतीने हे यंत्र घेऊ नये. त्याचा उपयोग साबण, इंधन आणि पाणी तापविण्याची साधने वाचविण्यापुरता आहे.

प्रथम पाण्याची परीक्षा

घरच्या घरी करता येण्याजोगी परीक्षा पुढीलप्रमाणे आहे. पावसाच्या पाण्यात साध्या साबणाचा कीस विरघळवून ते द्रावण तयार ठेवावे. दोन सारख्या आकाराच्या काचेच्या बाटल्या घेऊन एकीत पावसाचे पाणी व दुसरीत विहिरीचे पाणी अर्ध्यापर्यंत भरावे. दोहोंत साबणाचे थेंब सारख्याच संख्येने घालून बाटल्या हलवाव्यात. पावसाच्या पाण्यास लगेच फेस येतो. विहिरीच्या पाण्यात मात्र दह्यासारखी साय तरंगते, व टिकाऊ फेस येण्यास अधिक थेंब लागतात. या परीक्षेस डिटर्जंट पावडर वापरू नये. तिला जड पाण्यातही फेस येतो आणि परीक्षा फसते.

एवढ्याने जडपणा आहे हे समजते, तो किती आहे हे समजत नाही. यंत्राचा आकार ठरविण्यास नेमका आकडा लागतो. त्याकरिता भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. अहवालात एकूण जडपणाबरोबर एकूण विरघळलेले क्षार, लोह, फ्लोराइड व नायट्रेट हे आकडेही पाहावेत. यंत्र घ्यावे की न घ्यावे, याचा निर्णय पुष्कळदा याच आकड्यांवरून होतो.

अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे, त्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथील पाण्याची मुख्य तक्रार खारेपणाची आहे आणि त्यात सोडियम मोठ्या प्रमाणावर असते. पाणी मृदू करणारे यंत्र खारेपणा मुळीच कमी करीत नाही. ते कॅल्शियम काढून त्याच्या जागी आणखी सोडियम सोडते. म्हणजे असे यंत्र खाऱ्या पाण्यावर बसविणाऱ्याचा पैसा वाया जातो व खारटपणा तसाच राहतो. त्याचप्रमाणे यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आढळले आहे. फ्लोराइड, नायट्रेट व रोगजंतू यांवर या यंत्राचा काहीही इलाज चालत नाही.

यंत्रावाचून भागते काय?

यंत्र घेण्याआधी तीन साधे उपाय करून पाहावेत. पहिला उपाय छपरावरील पावसाचे पाणी साठविण्याचा. पहिल्या सरींचे पाणी सोडून देऊन नंतरचे पाणी झाकणाच्या टाकीत घेतल्यास धुणे व अंघोळ यांसाठी पावसाळाभर मृदू पाणी फुकट मिळते. दुसरा उपाय पाणी उकळून, निवल्यावर वरचे पाणी ओतून घेण्याचा. तात्पुरत्या जडपणावर तो गुणकारी आहे. मात्र त्यास इंधन लागते, म्हणून डाळ शिजविण्यासारख्या थोड्या कामासच तो योग्य होय. तिसरा उपाय धुण्याच्या सोड्याचा. लिटरमागे 400 मिलिग्रॅम जडपणा असल्यास 20 लिटरच्या बादलीस कोरडा सोडा सुमारे 8 ग्रॅम पुरतो. तो मिसळून पाणी काही तास स्थिर ठेवावे व तळाचा पांढरा गाळ न हलविता वरचे पाणी कपडे धुण्यास घ्यावे. हे पाणी स्वयंपाकास किंवा पिण्यास घेऊ नये, तसेच ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये. सोड्याने ते भांडे खाल्ले जाते.

एवढे करूनही सौरबंब अथवा गिझर वरचेवर बिघडत असेल, तर यंत्राचा विचार करणे योग्य ठरेल.

यंत्राचे कार्य

या यंत्राचे मूळ शेतीच्याच अभ्यासात आहे. इंग्लंडातील थॉम्सन या जमीनदारास असे आढळले की, खतातील अमोनिया मातीतून पाण्याबरोबर निघून न जाता मातीत धरून ठेवला जातो. वे या रसायनशास्त्रज्ञाने त्यावर पुढील प्रयोग केले. सन 1850 मध्ये दोघांचेही निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माती अमोनिया धरून ठेवते आणि त्याच्या मोबदल्यात कॅल्शियम सोडून देते, असे त्यांतून दिसून आले. ह्या देवघेवीस आयन-विनिमय म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत गान्स याने याच तत्त्वावर पाणी मृदू करण्याची रीत काढली व पुढे त्यासाठी कृत्रिम राळ तयार झाली.

यंत्राच्या उभ्या नळकांड्यात या राळेचे बारीक मणी भरलेले असतात. मण्यांवर सोडियम बसलेले असते. जड पाणी मण्यांतून जाताना त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम मण्यांस चिकटतात आणि सोडियम पाण्यात उतरते. काही दिवसांनी मण्यांवरील सोडियम संपते व पाणी पुन्हा जड येऊ लागते. तेव्हा मिठाचे तीव्र पाणी सोडून मण्यांवर पुन्हा सोडियम बसवितात. यास पुनरुज्जीवन म्हणतात. त्या वेळी सुटलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम व उरलेले मीठ सांडपाण्यातून बाहेर जाते.

आकार कसा ठरवावा?

एक लिटर राळेस पुनरुज्जीवनाच्या वेळी सुमारे 120 ग्रॅम मीठ दिल्यास ती साधारणपणे 50 ग्रॅम जडपणा धरते, असे हिशेबासाठी मानावे. समजा, एका घरात धुणे, अंघोळ व बंब यांसाठी रोज 250 लिटर मृदू पाणी लागते व विहिरीचा जडपणा लिटरमागे 400 मिलिग्रॅम आहे. म्हणजे रोज 100 ग्रॅम जडपणा काढावयाचा आहे. 10 लिटर राळ 500 ग्रॅम जडपणा धरील. अर्थात दर पाचव्या दिवशी पुनरुज्जीवन करावे लागेल. प्रत्येक वेळी मीठ 1.2 किलो याप्रमाणे वर्षास 73 वेळा मिळून सुमारे 88 किलो मीठ होते.

हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एवढे मीठ कोणी आपल्या हाताने परसात पसरणार नाही. तेच पाण्यातून गेले म्हणजे दिसत नाही, इतकाच फरक. मृदू पाण्याचा वापर रोज 150 लिटरवर आणला, तर पुनरुज्जीवन आठ दिवसांनी करावे लागते व वर्षाचे मीठ सुमारे 53 किलोवर येते. म्हणून मोठे यंत्र घेण्यापेक्षा मृदू पाणी जेथे खरोखर लागते तेथेच देणे, हा काटकसरीचा पहिला मार्ग होय.

बसविण्याची पद्धत

1. जागा. यंत्र सावलीत, पक्क्या व सपाट ओट्यावर ठेवावे. नळकांडे उन्हात ठेवू नये. मिठाची टाकी ठेवण्यास व मनुष्यास वावरण्यास जागा सोडावी. सांडपाण्याची नळी कोठे जाईल हे पाहूनच ओटा बांधावा.

2. स्वतंत्र टाकी. एकमजली घराच्या गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्यास दाब थोडा असतो. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो असतो. तीन-चार मीटर उंचीवर तो एक तृतीयांशाच्या आसपासच भरतो. एवढ्या दाबावर स्वयंचलित यंत्रे बहुधा नीट चालत नाहीत. अशा घरी हाताने चालविण्याचे यंत्र घेऊन ते पंपाच्या नळीस काढलेल्या फाट्यावर बसवावे, व त्यातून निघणारे मृदू पाणी एका लहान, स्वतंत्र टाकीत घ्यावे. धुणे, अंघोळ व बंब यांचे नळ याच टाकीस जोडावेत. पिण्याचे, गुरांचे व झाडांचे पाणी पूर्वीच्याच टाकीतून चालू ठेवावे.

3. प्रवाह. 10 लिटर राळेतून ताशी 400 लिटरहून अधिक पाणी जाऊ देऊ नये. घाईने गेलेले पाणी पुरेसे मृदू होत नाही. पंपाचा जोर याहून पुष्कळ अधिक असल्याने यंत्रात पाणी शिरण्याच्या बाजूस व्हॉल्व बसवून प्रवाह आवरावा. मृदू पाणी बाहेर पडण्याची बाजू मोकळी ठेवावी. ती बंद असताना पंप चालू केल्यास नळकांड्यावर दाब येतो. बादली व घड्याळ यांच्या साहाय्याने प्रवाह मोजता येतो. 10 लिटरची बादली दीड मिनिटापेक्षा लवकर भरू नये.

4. गाळणी. यंत्रापूर्वी गाळ अडविणारी गाळणी बसवावी. पाण्यास तांबूस झाक असेल तर त्यातील लोह आधी काढले पाहिजे. लोहाने राळ खराब होते. अधिक प्रमाणात क्लोरीन असलेले पाणीही राळेस अपायकारक आहे.

5. बायपास. पाणी शिरण्याच्या नळीवर एक, बाहेर पडण्याच्या नळीवर एक व दोहोंस जोडणाऱ्या नळीवर एक असे तीन व्हॉल्व बसवावेत. यंत्र दुरुस्तीस काढले तरी घराचे पाणी थांबत नाही.

6. सांडनळी. सांडपाण्याच्या नळीचे तोंड पाण्यात बुडवून ठेवू नये. खालच्या नालीच्या काठापासून ते निदान 5 सेंटिमीटर वर असावे. अन्यथा दाब कमी होताच घाण पाणी उलट ओढले जाण्याचा धोका असतो.

7. भरणा. नळकांड्यात राळ निम्म्याच्या थोड्या वरपर्यंतच भरावी. उलट्या धुण्याच्या वेळी मणी फुगून वर येतात. त्यांस मोकळी जागा हवी. पहिल्यांदा येणारे रंगीत पाणी सोडून द्यावे व स्वच्छ पाणी आल्यावर साबणाची परीक्षा घेऊन मगच टाकी भरावी.

पुनरुज्जीवन

साबणास फेस कमी येऊ लागला की पुनरुज्जीवनाची वेळ झाली असे समजावे. 10 लिटर राळेसाठी क्रम असा ठेवावा. प्रथम खालून वर उलटे पाणी सोडून दहा मिनिटे धुवावे. सुमारे 60 लिटर पाणी जाते. नंतर 1.2 किलो स्वच्छ खडेमीठ 12 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, गाळून, ते पाणी सुमारे अर्ध्या तासात हळूहळू सोडावे. त्यामागून तितक्याच संथपणे 20 लिटर साधे पाणी सोडावे. शेवटी सुमारे 40 लिटर पाण्याने जलद धुवून, खारट चव गेली व साबणास फेस आला म्हणजे यंत्र चालू करावे. माती मिसळलेले मीठ वापरू नये. तारीख, मीठ व मिळालेले पाणी यांची नोंद वहीत ठेवावी. मिळणारे पाणी एकाएकी कमी झाल्यास त्यावरून दोष लवकर सापडतो.

खारट पाण्याची विल्हेवाट

यंत्रातील राळ जे करते तेच काळी माती करते, हे वर सांगितलेल्या प्रयोगावरून ध्यानी येईल. मातीच्या बारीक कणांवर कॅल्शियम बसलेले असते, म्हणून त्यांचे ढेकूळ घडते व पाणी मुरते. सोडियम वारंवार मिळाल्यास ते कॅल्शियमची जागा घेते. मग कण सुटे होतात, भेगा व छिद्रे बुजतात, ओली माती चिकट होते व वाळल्यावर दगडासारखी घट्ट बसते. अशी चोपण जमीन सुधारण्यास जिप्सम घालावे लागते, हे शेतकऱ्यास माहीत आहे. जिप्समातील कॅल्शियम तेथे सोडियमला हुसकावते. यंत्र बसविल्याने घरात बंब वाचला आणि परसात चोपण जमीन तयार झाली, असे होता कामा नये.

शिवाय मिठातील क्लोराइड मातीत अडकून राहत नाही. ते पाण्याबरोबर खाली जाते. शोषखड्डा विहिरीजवळ असेल तर ते विहिरीतच पोहोचते. म्हणून खारट पाणी परसबाग, शेणखताचा उकिरडा, शोषखड्डा, नाला वा गुरांचे डोण यांपैकी कशातही सोडू नये.

सर्व सांडपाणी मात्र सारखेच खारट नसते, आणि याचाच फायदा घ्यावयाचा आहे. उलट्या धुण्याचे 60 लिटर पाणी मीठ देण्यापूर्वीचे आहे. ते झाडांस घालण्यास हरकत नाही. मिठाचे 12 व संथ धुण्याचे 20 मिळून 32 लिटर पाण्यात बहुतेक सर्व मीठ असते. हेच तेवढे वेगळे धरावे. पाच दिवसांस 32 लिटर म्हणजे दिवसास साडेसहा लिटरही होत नाही. सुमारे 2 चौरस मीटर क्षेत्राचा, सिमेंटचा, गळती नसलेला उथळ हौद कोरड्या ऋतूत एवढे पाणी आटविण्यास साधारणपणे पुरतो. हौदास कुंपण करावे. गुरे मीठ चाटण्यास येतात. शेवटच्या जलद धुण्याचे पाणी थोडे खारट असते. ते मोरी, अंगण किंवा गोठा धुण्यास वापरून पक्क्या नालीत सोडावे. झाडांस घालू नये.

हौदातील अवशेषात कॅल्शियम क्लोराइड असल्याने तो हवेतील ओल ओढतो व पूर्ण सुकत नाही. तो खरवडून झाकणाच्या पिंपात ठेवावा व ग्रामपंचायतीच्या घनकचरा व्यवस्थेकडे सोपवावा. खतात मिसळू नये.

पावसाळ्यात हौद आटत नाही व भरून वाहतो. त्या दिवसांत यंत्र बंद ठेवून छपराचे पाणी वापरावे व हौदावर छप्पर घालावे. बंद काळात राळ कोरडी पडू देऊ नये. पुन्हा सुरू करताना एकवार पुनरुज्जीवन करून भरपूर पाण्याने धुवावे.

पिण्याचे व पिकांचे पाणी

लिटरमागे 100 मिलिग्रॅम जडपणा काढला की पाण्यात 46 मिलिग्रॅम सोडियम येते. वरील उदाहरणात 400 मिलिग्रॅमच्या बदल्यात 184 मिलिग्रॅम सोडियम वाढते. ज्यांस रक्तदाबामुळे वैद्यांनी मीठ कमी करण्यास सांगितले आहे, त्यांनी असे पाणी पिऊ नये. पिण्याचा नळ यंत्रावर न जोडणे हेच सर्वांच्या दृष्टीने सोयीचे होय.

ठिबक संचाच्या तोट्या चुन्याने बुजतात म्हणून त्यासही मृदू पाणी द्यावे, अशी कल्पना काही शेतकरी मांडतात. ती हानिकारक आहे. तोट्यांतील थर तज्ज्ञांच्या सल्ल्याने आम्लप्रक्रिया करून काढता येतो. पिकाच्या मुळांशी सोडियम साचू देण्याचे कारण नाही. याच कारणास्तव मृदू पाण्याने केलेल्या धुण्याचे व अंघोळीचे पाणीही भाजीच्या वाफ्यांत नेहमी सोडू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

यंत्राविषयी विचारणा करणाऱ्या शेतकऱ्याकडून कार्यकर्त्याने चार प्रश्नांची उत्तरे घ्यावीत. पाण्याचा तपासणी अहवाल आहे काय? तक्रार जडपणाची आहे की खारेपणाची? मृदू पाणी कोणकोणत्या नळांस द्यावयाचे आहे? खारट पाणी कोठे जाणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे यंत्र विकणाराही देऊ शकेल. चौथ्याचे उत्तर जमिनीवर उभे राहून, विहीर, परस व उतार पाहूनच द्यावे लागते. ते समाधानकारक मिळाल्यावाचून यंत्र बसविण्याचा सल्ला देऊ नये. जेथे हौदास जागा नाही व पक्की गटारेही नाहीत, तेथे छपराचे पाणी, उकळणे व सोडा या साध्या उपायांवरच भिस्त ठेवणे श्रेयस्कर होय. बंबातील थर खरवडून काढता येतो. बिघडलेली जमीन व विहीर पूर्ववत होण्यास वर्षे लागतात.